पुस्तकात १८०, मीटरवर ८०: कॉइलच्या हिशेबाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्रिस्टल रेडिओबद्दल (बॅटरीशिवाय चालणारा साधा रेडिओ) लिहिलं आणि टपालात कॉइलचाच पाऊस पडला. रेडिओची कॉइल, स्पीकरची कॉइल, पंपाची कॉइल. वेंगुर्ल्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यामुळे तार गुंडाळणं हा माझा पोटापाण्याचा विषय, आणि या वेळी उत्तरं जरा लांबली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न: काकी, मी देवगडला बारावी सायन्सला आहे. आजोबांच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग (स्टेशन लावायला फिरवायचा कंडेन्सर) मिळाला. त्याच्यासाठी १८० मायक्रोहेन्रीची (कॉइलच्या इंडक्टन्सचं माप) कॉइल हवी होती. पुस्तकातल्या सोलेनॉइडच्या सूत्राने ३६ वेढे आले. दीड इंची पीव्हीसी पाइपवर २६ गेजची तार जवळजवळ ३६ वेढे गुंडाळली. कॉलेजच्या एलसीआर मीटरवर (कॉइल आणि कंडेन्सर मोजणारा मीटर) कॉइल ८० मायक्रोहेन्री दाखवते. पण रत्नागिरी स्टेशन तर लागतं! मग मीटर खराब आहे का? मुंबई मात्र काही केल्या लागत नाही.

मीटर चांगला आहे. तुझी कॉइल खरोखरच ८० मायक्रोहेन्रीची आहे. पुस्तकही खोटं बोलत नाही, पण ते ज्या कॉइलबद्दल बोलतं ती तुझ्याकडे नाही.

आधी १८० हा आकडा तपासू. मिडियम वेव्हचं खालचं टोक ५३१ किलोहर्ट्झ. दुकानात आम्ही एक सोपी रीत वापरतो: २५३३० ला फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने भागायचं, मग पिकोफॅरडने भागायचं, उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. फ्रिक्वेन्सी मात्र मेगाहर्ट्झमध्ये घ्यायची. ०.५३१ चा वर्ग ०.२८२, त्याला ५०० ने गुणलं की १४१. २५३३० भागिले १४१ म्हणजे १८०. इथपर्यंत तू बरोबर.

आता पुस्तकाचं सूत्र. म्यू-नॉट (एक ठरलेला आकडा) गुणिले वेढ्यांचा वर्ग गुणिले कॉइलच्या तोंडाचं क्षेत्रफळ, भागिले लांबी. हे सूत्र काढताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कॉइलच्या आत चुंबकीय क्षेत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं आहे. व्यासाच्या मानाने कॉइल खूप लांब असेल तर ते खरं. तुझी कॉइल कशी आहे? व्यास ५० मिलिमीटर, आणि ३६ वेढे अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने लांबी १८ मिलिमीटर. ती नळी नव्हे, बांगडी झाली. बांगडीच्या मधल्या वेढ्यातून निघालेल्या चुंबकरेषा शेवटच्या वेढ्यापर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पसरतात. इंडक्टन्स म्हणजे शेवटी काय, एका वेढ्यातल्या करंटने उभं केलेलं क्षेत्र बाकीच्या वेढ्यांतून किती जातं त्याची बेरीज. रेषा वाटेतच फुटल्या की बेरीज घटते.

किती घटते, ते जपानचे भौतिकशास्त्रज्ञ हांतारो नागाओका यांनी १९०९ साली गणिताने मांडलं आणि त्याचे तक्ते दिले. अणूचं शनीसारखं कडं असलेलं चित्र १९०४ मध्ये सुचवणारे तेच हे नागाओका. त्यांचं मूळ गणित आपल्याला झेपणारं नाही, पण जवळचं उत्तर देणारी एक युक्ती आहे. व्यासाला लांबीने भाग, ०.४५ ने गुण, त्यात १ मिळव. पुस्तकाच्या उत्तराला या आकड्याने भागलं की खरं उत्तर मिळतं. तुझ्यासाठी: ५०.५ भागिले १८ म्हणजे २.८, गुणिले ०.४५ म्हणजे १.२६, अधिक १ म्हणजे २.२६. पुस्तकाचे १८१ भागिले २.२६, बरोबर ८०. मीटरला दोष देण्याआधी एवढं करून बघायचं होतंस.

व्यासाच्या दहापट लांब कॉइल असेल तर हा भाजक १.०४५ येतो, म्हणजे पुस्तक चारेक टक्के चुकतं, चालून जातं. लांबी व्यासाएवढी असली की १.४५. रेडिओच्या जवळजवळ सगळ्या कॉइली याच आखूड जातीच्या असतात, म्हणून पुस्तकाचं सूत्र आमच्या धंद्यात कोणी हातात घेत नाही. बारावीच्या पेपरात मात्र तेच लिही, मार्क त्यालाच आहेत.

आम्ही वापरतो ते सूत्र अमेरिकेतल्या हॅरॉल्ड व्हीलर या रेडिओ इंजिनिअरने १९२८ मध्ये छापलं. मूळचं इंचात आहे: त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले ९ त्रिज्या अधिक १० लांबी. मुलं त्यात सेंटिमीटर घालतात, नाहीतर त्रिज्येच्या जागी व्यास घालतात आणि मग भलतीच उत्तरं घेऊन दुकानात येतात. म्हणून सेंटिमीटरमध्ये आणि व्यास धरूनच देते:

मायक्रोहेन्री = (व्यास × व्यास × वेढे × वेढे) ÷ (४५.७ × व्यास + १०१.६ × लांबी)

लांबी व्यासाच्या ०.४ पटीपेक्षा जास्त असेल तोवर हे सूत्र एखाद्या टक्क्याच्या आत राहतं. तुझी ३६ वेढ्यांची कॉइल या हद्दीच्या जराशी बाहेर आहे, तरी निभावतं.

आता तुला हव्या त्या १८० साठी. व्यास पाइपाचा बाहेरचा धरायचा आणि त्यात तारेची जाडी मिळवायची, कारण करंट तारेच्या मध्यातून जातो असं आपण मानतो. ५० मिलिमीटर अधिक अर्धा, म्हणजे ५.०५ सेंटिमीटर. पाइपाच्या भिंतीची जाडी इथे बिनकामाची. (आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “दीड इंचीचो तुकडो दी गो.” दीड इंच हे बाजारातलं नाव, बाहेरून तो पाइप ५० मिलिमीटर भरतो. एक इंची ३२ आणि दोन इंची ६३. हिशेबात दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, घालू नकोस.)

६२ वेढे घेऊन बघ. लांबी ६२ गुणिले ०.०५, म्हणजे ३.१ सेंटिमीटर. वर: ५.०५ चा वर्ग २५.५, गुणिले ६२ चा वर्ग ३८४४, म्हणजे सुमारे ९८०००. खाली: ४५.७ गुणिले ५.०५ म्हणजे २३१, आणि १०१.६ गुणिले ३.१ म्हणजे ३१५, बेरीज ५४६. भागाकार १७९.६. झालं काम. तार लागेल दहा मीटरला थोडी कमी, वजनात पंधरा ग्रॅमच्या आत. पाव किलोचं रीळ घ्यायला लावणाऱ्या दुकानदाराला हा आकडा सांग.

६२ च्या जागी ६३ घातलेस तर उत्तर १८४ येतं. म्हणजे एक वेढा चार मायक्रोहेन्रीचा. तेव्हा दशांशाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधी ६८ वेढे गुंडाळ, मीटरवर धर आणि एकेक सोडवत खाली ये. सोडवलेली तार कापता येते, कमी पडलेली जोडत बसावी लागते.

दोन मापं मात्र स्वतः घे, छापील आकड्यावर विसंबू नकोस. पाइपाभोवती दोरा दहा वेळा लपेट, तो सोडवून पट्टीने मोज आणि ३१.४ ने भाग. हा खरा व्यास. आणि तीच तार पेन्सिलीवर वीस वेढे चिकटून गुंडाळ आणि त्यांची रुंदी मोज. २६ गेजचं नुसतं तांबं ०.४५७ मिलिमीटर असतं; वरचं इनॅमल धरून अर्धा मिलिमीटर होतो, म्हणजे वीस वेढे एक सेंटिमीटर भरले पाहिजेत. साडेदहा-अकरा मिलिमीटर भरले तर एक तर तार दुसऱ्या गेजची आहे, नाहीतर तुझा हात सैल आहे. दोन्ही शक्य.

राहिलं रत्नागिरीचं. रत्नागिरी ११४३ किलोहर्ट्झवर. ८० मायक्रोहेन्रीला तिथे पोचायला २४२ पिकोफॅरड लागतात, म्हणजे तुझ्या गँगचा जेमतेम अर्धा फेरा. म्हणून ते लागलं आणि तुला वाटलं कॉइल बरोबर आहे. मुंबईचं ५५८ मात्र हाताला येणार नाही. गँग पूर्ण मिटवून, वर लांब एरियलची कपॅसिटी धरूनसुद्धा तुझी कॉइल ६९० च्या खाली उतरत नाही.

आणि इथेच पुढची गंमत आहे. आता तू उत्साहाने ६२ वेढ्यांची कॉइल करशील, एरियल पूर्वीसारखीच थेट कॉइलच्या टोकाला जोडशील, मुंबई रात्री येईल, पण रत्नागिरी गायब होईल! मग मला दुसरं पत्र येईल. वीसेक मीटरची एरियल म्हणजे शंभर-दीडशे पिकोफॅरडचा कंडेन्सरच असतो, तो गँगला समांतर बसतो. १८० मायक्रोहेन्रीवर ११४३ ला एकूण १०८ पिकोफॅरडच हवेत. गँग पूर्ण उघडलास तरी एरियलचेच त्याहून जास्त होतात. उपाय असा: अर्थकडच्या टोकापासून पंधराव्या वेढ्यावर एक टॅप काढ आणि एरियल तिथे जोड. टॅपवरून एरियलची कपॅसिटी वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने घटून दिसते. १५ भागिले ६२, त्याचा वर्ग ०.०६ च्या आत. दीडशेचे नऊ पिकोफॅरड उरतात. आवाज किंचित उतरेल, पण स्टेशनं एकमेकांच्या अंगावर पडायची थांबतील. टॅप काढताना तार तोडू नकोस. चिमटीत एक छोटा फास काढून पीळ दे, ब्लेडने इनॅमल खरवड आणि तांबं लालसर चमकू लागल्यावरच डाग दे. “कॉइल मेली” म्हणून दुकानात येणाऱ्या निम्म्या कॉइलींचं टोक नीट खरवडलेलं नसतं.

देवगडला समुद्राचा एक फायदा तुला आहे. मिडियम वेव्हची जमिनीलगत जाणारी लाट खाऱ्या पाण्यावरून फार कमी झिजते. सड्यावरच्या कातळावरून लवकर दमते. एरियलचं तोंड किनाऱ्याकडे मोकळं ठेव. पणजीचं १२८७ पण शोधून बघ.

प्रश्न: २६ गेजची तार मिळाली नाही, २४ ची आहे. इंडक्टन्स बदलेल का? आणि दुप्पट वेढे केले तर चौपट होतं ना? (मालवण)

सूत्रात तारेची जाडी कुठेच नाही, असं तुम्ही म्हणाल. आहे, ती लांबीत लपलेली आहे. २४ गेज इनॅमलसकट ०.६१ मिलिमीटर भरते. तेवढेच वेढे जास्त जागेत पसरतात, एकमेकांपासून लांब जातात आणि इंडक्टन्स घटतं. त्याच पाइपावर १८० साठी ६२ ऐवजी ६८ वेढे लागतील. जाड तारेचा रेझिस्टन्स कमी, म्हणून स्टेशन जरा धारदार लागेल. घ्या खुशाल.

चौपटीचं म्हणाल तर, लांबी तीच ठेवून वेढे दुप्पट केले तरच. एका थरात ६२ चे १२४ केलेत तर लांबीही दुप्पट होते. वरच्या सूत्रात घालून बघा: १८० चे ४५५ होतात, अडीच पट.

एक विनंती. घरच्या मल्टिमीटरने कॉइल मोजायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केलेला दिसतो. ओहमच्या रेंजवर ६२ वेढ्यांची ही कॉइल १ ओहम दाखवेल, तो नुसता तारेचा रेझिस्टन्स. १० लाख हर्ट्झला हीच कॉइल ११३१ ओहमचा विरोध करते, आणि घरच्या ५० हर्ट्झला ०.०६ ओहमसुद्धा नाही. तेव्हा मेन्सवरून ट्रान्सफॉर्मर लावून “इंडक्टन्स काढलं” म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात तारेचा रेझिस्टन्सच मोजला आहे.

एलसीआर मीटर नसेल तर कॉइलच्या टोकांना १०० पिकोफॅरडचा चांगला कंडेन्सर लावा आणि ती ट्रान्झिस्टर रेडिओच्या फेराइट रॉडजवळ, रॉडच्या रेषेत धरा. रात्री रेडिओचा काटा हळूहळू फिरवा. ज्या जागी खरखर आणि स्टेशनं एकदम उसळतात, ती तुमच्या कॉइलची फ्रिक्वेन्सी. कॉइलची आणि वायरिंगची स्वतःची चार-पाच पिकोफॅरड धरून १०५ घ्या आणि वरचा २५३३० चा हिशेब लावा. १८० ची कॉइल ११५८ च्या आसपास उसळी देईल.

प्रश्न: कुडाळला आमची साउंड सर्व्हिस आहे, डबलबारी आणि दशावताराची कामं असतात. वूफरसाठी १ किलोहर्ट्झचा क्रॉसओव्हर (खालचे सूरच वूफरकडे जाऊ देणारी गाळणी) हवा, स्पीकर ८ ओहमचा. तयार कॉइल मोठ्या आवाजात पखवाजाच्या थापेला फाटल्यासारखी वाजते. स्वतः गुंडाळावी म्हणतो. व्हीलरच्या सूत्राने हिशेब केला तर पाइपच मीटरभर येतोय!

हिशेब तुमचा बरोबर आहे, कॉइलचा आकार चुकलाय. ८ ओहमला १ किलोहर्ट्झसाठी ८ भागिले ६२८३, म्हणजे १.२७ मिलिहेन्री लागतात. १८ गेजची तार दीड इंची पाइपवर एका थरात लावलीत तर साडेसहाशे वेढे, ८५ सेंटिमीटर लांबी आणि शंभर मीटरहून जास्त तार. स्पीकरच्या वाटेत दीड ओहम आधीच अडकला. तो खर्च कशाला?

थरावर थर गुंडाळा. थोड्या तारेत जास्तीत जास्त इंडक्टन्स कोणत्या आकारात मिळतं याचा अभ्यास झालेला आहे; अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या ब्रुक्स यांनी १९३१ साली दिलेला आकार आजही वापरतात. गुंडाळीचा छेद चौकोनी ठेवायचा, म्हणजे जेवढी रुंदी तेवढीच थरांची जाडी. आणि आतला व्यास त्या रुंदीच्या दुप्पट. अनेक थरांसाठी व्हीलरचंच दुसरं सूत्र आहे, सेंटिमीटरमध्ये असं:

मायक्रोहेन्री = ०.३१५ × सरासरी त्रिज्या × सरासरी त्रिज्या × वेढे × वेढे ÷ (६ × सरासरी त्रिज्या + ९ × रुंदी + १० × जाडी)

तुमच्यासाठी मी करून ठेवलंय. रुंदी १.७ सेंटिमीटर, जाडी १.७, आतला व्यास ३.४, सरासरी त्रिज्या येते २.५५. १८ गेज इनॅमलसकट १.३ मिलिमीटर, त्यामुळे एका थरात १३ वेढे बसतात आणि असे १३ थर, वर आणखी तीन वेढे. १७२ वेढ्यांना वरचा भाग ६०६००, खालचा १५.३ अधिक १५.३ अधिक १७, म्हणजे ४७.६. उत्तर १२७३ मायक्रोहेन्री. तार साडेसत्तावीस मीटर, वजन २९० ग्रॅमच्या आसपास, रेझिस्टन्स ०.४ ओहम. शंभर मीटर आणि दीड ओहम कुठे, आणि हे कुठे!

बॉबिन घरीच करा. एक इंची पाइपाचा १७ मिलिमीटरचा तुकडा बाहेरून ३२ भरतो. त्यावर जाड कागद लपेटून ३४ करा, दोन बाजूंना प्लायवूडच्या चकत्या. हाताने गुंडाळताना तेरावा वेढा दर थराला बसेलच असं नाही, तिसऱ्या-चौथ्या थरापासून तार दरीत घसरते आणि वर डोंगर होतो. प्रत्येक थरावर कागदाची एक पट्टी घाला, म्हणजे पुढच्या थराला सपाट जमीन मिळते. कागदाने जाडी वाढते, इंडक्टन्स थोडं सरकतं. म्हणून १८० वेढे घालून मीटरवर धरा आणि जास्तीचे सोडवा. शेवटी वार्निश पाजून नायलॉनच्या टायने घट्ट आवळा. सैल वेढा पेटीत बसून गुणगुणतो.

तुमची तयार कॉइल फाटते कारण तिच्यात बहुतेक लोखंडाचा गाभा असणार. थोड्या करंटला लोखंड इंडक्टन्स वाढवून देतं, म्हणून तार वाचते आणि कॉइल स्वस्त पडते. थापेसरशी करंट उसळला की लोखंड भरून जातं, त्या क्षणापुरतं इंडक्टन्स कोसळतं, आणि ते तुम्हाला ऐकू येतं. हवेचा गाभा असा कधीच भरत नाही. म्हणून मधून लोखंडी बोल्ट घालून कॉइल पेटीला आवळू नका, पितळी वापरा. आपल्या हवेत लोखंडी तसाही टिकत नाही. दोन कॉइली असतील तर लांब ठेवा, आणि एक आडवी, एक उभी. नाहीतर वूफरचं ट्वीटरला ऐकू जातं.

८ ओहम हा स्पीकरवर छापलेला आकडा आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक सुराला बदलतो. त्यामुळे १.२७ च्या जागी १.२ किंवा १.३५ झाली तर डबलबारीच्या बुवांना फरक कळणार नाही. ऐकून ठरवा.

प्रश्न: फेराइट रॉडवर गुंडाळायचं असेल तर सूत्र कोणतं? (गुहागर)

कोणतंच नाही. म्हणजे आहेत, पण रॉडची जात, लांबी, जाडी आणि कॉइल रॉडच्या मध्यावर आहे की टोकाला, यावर उत्तर इतकं बदलतं की हिशेबाला अर्थ राहत नाही. कंपनीने रॉडच्या मालाची पर्मिएबिलिटी (तो माल चुंबकीय क्षेत्र किती पट वाढवतो ते) कितीही मोठी छापलेली असो. रॉड दोन्ही टोकांना उघडा असतो, चुंबकरेषांना परत येताना हवेतूनच यावं लागतं, आणि प्रत्यक्षात त्याचा थोडाच भाग पदरात पडतो.

रॉडवर सरकेल अशी कागदाची नळी करा. तिच्यावर २० वेढे गुंडाळा, मधोमध ठेवा आणि मोजा. समजा २४ मायक्रोहेन्री आले. हवेत १८०. १८० भागिले २४ म्हणजे ७.५, त्याचं वर्गमूळ २.७४, गुणिले २० म्हणजे ५५ वेढे. रॉडवर ही वर्गाची रीत हवेतल्या कॉइलपेक्षा बरी चालते, तरीही पहिले २० वेढे शेवटच्या कॉइलएवढ्याच रुंदीत पसरून घातलेत तर जास्त नेमकी. उरलेला फरक नळी सरकवून काढा: टोकाकडे नेली की इंडक्टन्स उतरतं, मध्याकडे आणली की चढतं. जागा सापडली की मेणाचा थेंब टाका. पावसाळ्यात कागद फुगतो, म्हणून नळीच आधी मेणात बुडवलेली बरी.

प्रश्न: कॉइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली आणि सगळी स्टेशनं सरकली. असं का? (अलिबाग)

रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला कॉइलजवळच्या पत्र्यात भोवरे-करंट फिरू लागतात. ते कॉइलच्या क्षेत्राला विरोध करतात. इंडक्टन्स उतरतं, स्टेशनं सरकतात, वर पत्रा ऊर्जा खातो म्हणून धारही बोथट होते. पत्रा सगळ्या बाजूंनी निदान कॉइलच्या व्यासाएवढा लांब ठेवा, नाहीतर लाकडी खोकं घ्या. वर दिलेलं कुठलंही सूत्र डब्यातल्या कॉइलला लागू नाही. ती मोकळ्या हवेची आहेत.

तुम्ही तर अलिबागचे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचे करंट कुलाब्याच्या चुंबकीय वेधांमध्ये ढवळाढवळ करणार, म्हणून ते काम १९०४ साली तुमच्या गावात आणलं. चुंबकीय वेधांचं अख्खं काम मुंबईबाहेर गेलं. तुम्ही कॉइल डब्यातून बाहेर काढा, एवढंच.

प्रश्न: विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली. या सूत्रांनी वेढे काढता येतील का? (हर्णै)

नाही. मोटरच्या कॉइली लोखंडाच्या खाचांत बसतात, तिथे वेढे ठरतात ते व्होल्टेज आणि लोखंडाच्या मापांवरून. जळलेलं वाइंडिंग उपसून फेकू नका. एक कॉइल अख्खी काढून तिचे वेढे मोजा, तारेचं इनॅमल जाळून नुसत्या तांब्याचा गेज बघा, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली आहे ते कागदावर काढा आणि स्टार्टिंगची कॉइल कुठली, रनिंगची कुठली, त्याची खूण करा. एवढं टिपलेलं असेल तर कोणीही रिवाइंडिंगवाला तुमची मोटर उभी करेल. उपसलेलं तांबं भंगारात विकताना वजन स्वतःच्या काट्यावर करून न्या.